मागची चाकं रुंद करण्याआधी : पकड कुठे सुटते ते शोधा, मग टायरला हात घाला

मागे रुंद टायर टाकले की गाडी रस्ता धरते, असं टायरच्या दुकानात इतक्या सहज सांगतात की माणूस ना हवा बघतो, ना माप, ना गाडीचं वजन. चार दिवस गाडी दिसते छान. पहिल्या जोरदार पावसात चाक पुन्हा त्याच जागी स्लिप मारतं.

मीही हेच केलं होतं. माझ्या बोलेरोचं मूळ माप २१५/७५ आर१५ : रुंदी २१५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. दुकानदाराच्या भरवशावर मागे फक्त दोन २३५/७५ आर१५ चढवले. शेताच्या चढावर काळ्या मातीत गाडी आधी जिथे अडायची, तिथेच अडली. वर डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा येऊन बसला. आज मी पुन्हा २१५ वर आहे आणि त्याच चढावरून गाडी निघते. फरक कशाने पडला ते पुढे येईलच. रुंद टायर काही वेळा खरंच उपयोगी पडतो, पण ती या कामातली शेवटची पायरी आहे. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि फसतात.

## तयारी

टेप, सरळ पट्टी, हवेचा स्वतःचा गेज, जॅक आणि जॅक स्टँड, चाकांपुढे लावायला लाकडाचे ठोकळे, जाड पुठ्ठा, काळा पोस्टर कलर आणि फोन एवढं जमवा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचा स्टिकर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. बऱ्याच गाड्यांत त्यावरच टायरचं मापही असतं. यापुढचं सगळं काम त्या आकड्यांवर चालतं.

सावधान : नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली किंवा मडगार्डच्या आत हात घालू नका. स्टँड लावा, जमीन सपाट असू द्या.

## पायरी १ : इंजिनचा जोर कोणत्या चाकांना जातो?

स्विफ्ट, बलेनो, आय२०, नेक्सॉन, क्रेटा, अर्टिगा यांची पुढची चाकं गाडी ओढतात. बोलेरो, बोलेरो निओ, ईको, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर ४x२ आणि स्कॉर्पिओ-एन ४x२ यांत मागची चाकं ढकलतात. नावावर जाऊ नका. क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते, तर तिचीच बहीण हायक्रॉस पुढच्या.

गाडी पुढच्या चाकांवर चालत असेल तर उत्तर इथेच मिळालं. मागे रुंद टायर टाकून तिची चढावरची किंवा सिग्नलवरची पकड सुतभरही वाढत नाही. उलट वळणावर मागची बाजू घट्ट आणि पुढची तुलनेनं सैल होते, त्यामुळे स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. अशा गाडीवाल्यांनी पायरी २, ३ आणि ५ (मागची पोती सोडून) करावी. पायरी ४ मधला ठसा घ्यायचा तर पुढच्या चाकाचा घ्या, पण मागच्या रुंदीचा विचार सोडून द्या.

सावधान : “मग पुढेच फक्त रुंद टाकतो” हा विचार आणखी वाईट. पुढची बाजू धरते, मागची सुटते आणि ओल्या वळणावर गाडी गर्रकन फिरते. त्याच कारणाने दोनच नवे टायर घेतले तर ते मागे टाकावेत, गाडी कोणत्याही चाकांवर चालत असली तरी.

फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांसाठी वेगळी सूचना. चारही चाकांचा बाहेरचा व्यास सारखाच हवा. पुढच्या-मागच्या व्यासात फरक ठेवून डांबरावर फोर-व्हील लावली तर पुढे-मागे जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर आणि शाफ्टवर सतत ताण बसतो आणि गिअर खाल्ले जातात.

## पायरी २ : आहे त्या टायरची हवा, वय, नक्षी

सकाळी गाडी थंड असताना हवा मोजा. पेट्रोल पंपापर्यंत दहा-बारा किलोमीटर गेल्यावर टायर तापतो आणि आकडा दोन-चार पीएसआयने चढलेला दिसतो.

टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो. २२२३ म्हणजे २०२३ सालचा २२ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं रबर दगडासारखं होतं आणि ओल्या रस्त्यावर सरकतं. नख दाबून बघा. नव्या टायरशेजारी उभं राहून दाबलंत तर फरक लगेच कळेल.

नक्षीची कायद्याने किमान खोली कारसाठी १.६ मिलिमीटर आहे. खाचेतल्या छोट्या उंचवट्याला नक्षी टेकली की ती हद्द आली. पण पावसाळ्यासाठी मी ती ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही, कारण पाणी बाहेर फेकायचं काम खाचा करतात आणि त्या उथळ झाल्या की रुंदी उलट नडते.

तपासा : हवा स्टिकरप्रमाणे, रबर मऊ, नक्षी ३ मिलिमीटरच्या वर. यातलं एकही चुकत असेल तर आधी तेच दुरुस्त करा आणि आठवडाभर गाडी चालवून बघा.

## पायरी ३ : पकड नेमकी कधी सुटते?

ही पायरी जवळपास कोणीच करत नाही, आणि माझे पैसे वाया गेले ते इथे चुकल्यामुळेच.

जिथे गाडी अडते तिथे एका माणसाला बाजूला, चिखल उडणार नाही अशा सुरक्षित अंतरावर उभं करा. इंजिनचा जोर ज्या दोन चाकांना जातो, त्यांचं तो फोनवर चित्रण करेल असं बघा. मग सावकाश क्लच सोडा. नंतर ते चित्रण संथ गतीने बघा. एकच चाक फिरतंय की दोन्ही?

एकच फिरत असेल तर दोष टायरच्या रुंदीत नाही. डिफरन्शियल म्हणजे एका आसाच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअरचा डबा. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि तो जोर ज्या चाकाला कमी पकड आहे त्याच्यापुरताच राहतो. उजवं चाक चिखलात रिकामं फिरलं की डावं कोरड्या दगडावर असूनही गप्प उभं राहतं. माझ्या गाडीचं हेच होतं. अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन दात ओढून हलका जोर दिला तर फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो आणि दुसऱ्याला जोर मिळतो. जोर मागच्या चाकांना जात असेल आणि हँडब्रेकही त्याच चाकांवर असेल तरच हे चालतं, आणि बाहेर पडताच तो पूर्ण सोडायचा. काही गाड्यांत लॉक होणारा डिफरन्शियल कंपनीकडूनच मिळतो. बोलेरो निओच्या वरच्या प्रकारात तो आहे. नेहमी अशा रस्त्यावर जाणं असेल तर नवी गाडी घेताना रुंद अलॉयपेक्षा याला पैसे मोजा.

दोन्ही फिरत असतील तर जमीन कोणती ते बघा.

ओलं डांबर : आधी रबर आणि नक्षी बघा.

पातळ चिखल, खाली कडक थर : कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्यावर असं असतं. इथे अरुंद टायर चिखल कापत खाली जाऊन कडक थर पकडतो, रुंद टायर वर तरंगतो.

खोल काळी माती : नक्षीच्या खाचा मातीने भरल्या की टायर गोल दगड होतो, मग तो २१५ असो वा २३५. माती फेकून देणारी मोठ्या खाचांची नक्षी लागते.

कोरडं डांबर : पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की दोन्ही चाकं किंचाळतात? मग तुमच्या इंजिनचा जोर टायरच्या पकडीपेक्षा जास्त आहे. रुंदीचा खरा फायदा इथे मिळतो. पोर्शा ९११ करेराला पुढे २३५ आणि मागे २९५ मिलिमीटरचे टायर येतात, कारण तिचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे आहे आणि जोर भरपूर. आपल्या डिझेल जीपचा प्रश्न तो नव्हे.

“ब्रेक लवकर लागावा म्हणून मागे रुंद टाकतो” असंही ऐकू येतं. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं आणि थांबवायचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. मागची रुंदी त्यात फारशी भर घालत नाही.

## पायरी ४ : टायरचा ठसा घ्या

रुंद टायर म्हणजे जमिनीला टेकणारं जास्त रबर, असं डोळ्यांना वाटतं. स्वतः मोजून बघा.

१. सपाट फरशीवर गाडी लावा, बाकीच्या चाकांना ठोकळे लावा.
२. मागचं एक चाक जॅकवर इंचभर उचला. नक्षी पुसून कोरडी करा.
३. खालच्या भागावर ब्रशने काळा रंग पातळ लावा. दाट लावला तर तो खाचांत उतरतो आणि ठसा पसरतो.
४. चाकाखाली पुठ्ठा सरकवा, जॅक हळू सोडा, पुन्हा उचला आणि पुठ्ठा काढा.

पुठ्ठ्यावर हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा, कडा गोलसर असलेला काळा चौकोन उमटतो. दीड टनाची गाडी अशा चार ठशांवर उभी असते. पहिल्यांदा तो हातात घेतला तेव्हा मी बराच वेळ बघत राहिलो होतो.

आता हिशोब. जवळच्या वजनकाट्यावर, साखर कारखान्याबाहेर एखादा सापडतोच, फक्त मागची चाकं चढवून वजन घ्या. समजा मागे ७२० किलो भरले, म्हणजे एका चाकावर ३६०. हवा ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. ३६० भागिले २.१ केले की सुमारे १७१ चौरस सेंटिमीटर येतात. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे पुठ्ठ्यावरचा आकडा थोडा वेगळा येईल, पण आसपासच येईल. या हिशोबात रुंदी कुठेही नाही. १६ सेंटिमीटर रुंद नक्षीचा ठसा पावणेअकरा सेंटिमीटर लांब पडेल, साडेसतरा रुंदीचा पावणेदहा लांब. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, फक्त ठसा आडवा झाला.

मग रुंद टायरचा फायदा येतो कुठून? आडव्या ठशाने वळणावर गाडी चटकन प्रतिसाद देते. जास्त रबरात उष्णता वाटली जाते, म्हणून मऊ रबर वापरता येतं. रुंद टायर कमी हवेवर तेवढाच भार पेलू शकतो, आणि हवा कमी केली की ठसा खरोखर वाढतो. रबराचा एक गुणही इथे कामी येतो. दर चौरस सेंटिमीटरवरचा भार कमी झाला की त्याची पकड त्या मानाने थोडी सुधारते. हे सगळं कोरड्या डांबरावर जाणवतं.

पावसात चित्र उलटतं. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि ठसा आखूड असल्यामुळे वेळ कमी मिळतो. विमानांच्या टायरवरून नासाने काढलेल्या ढोबळ सूत्राप्रमाणे ३३ पीएसआयच्या टायरला साचलेल्या पाण्यावर तरंगण्याचा धोका ताशी सुमारे ९५ किलोमीटरला येतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरच्या सपाट भागात कारची वेगमर्यादा १०० आहे. नक्षी झिजलेला रुंद टायर याहून बराच आधी तरंगू शकतो.

## पायरी ५ : कमी खर्चाचे उपाय आधी करा

एका वेळी एकच बदल करा आणि त्याच जागी पुन्हा चित्रण घ्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काय लागू पडलं ते कळत नाही.

वजन : रिकाम्या बोलेरोची किंवा ईकोची मागची बाजू हलकी असते. वाळूची दोन पोती, ६०-८० किलो, मागच्या आसाच्या बरोबर वर ठेवून दोराने घट्ट बांधा. खर्च जवळपास नाही आणि फरक लगेच दिसतो. पोती मोकळी ठेवू नका, जोरात ब्रेक लागला तर ती माणसांवर येतील.

पाय : दुसऱ्या गिअरमध्ये हळू सुटा. जोर जितका सौम्य, तितकी पकड टिकते.

हवा : फक्त चिखलात किंवा वाळूत, तात्पुरती २०-२२ पीएसआयवर आणा. ठसा लांब होतो. वेग ताशी २०-३० च्या आत ठेवा आणि डांबराला लागण्याआधी हवा भरा. सोबत हवेचा छोटा पंप नसेल तर हा उपाय करूच नका. कमी हवेवर डांबरावर पळवलेला टायर आतून तापून फुटतो.

नक्षी : मी शेवटी मूळ मापातच, २१५/७५ मध्ये, मोठ्या खाचांचे ऑल-टेरेन टायर घेतले. वर पोती आणि हँडब्रेकची युक्ती. चढ सुटला तो यांनी. डांबरावर या टायरचा आवाज येतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक थोडा उशिरा लागतो, ते धरून चालवतो.

इथपर्यंत आल्यावर प्रश्न सुटला असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

## पायरी ६ : तरीही रुंद हवेत, तर माप ठरवा

बाहेरचा व्यास असा काढा : रुंदी गुणिले उंचीची टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचा व्यास. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर.

२१५/७५ आर१५ : ३२२.५ + ३८१ = ७०३.५ मिलिमीटर
२३५/७५ आर१५ : ३५२.५ + ३८१ = ७३३.५ मिलिमीटर
२३५/७० आर१५ : ३२९ + ३८१ = ७१० मिलिमीटर

माझी चूक मधल्या ओळीत आहे. व्यास ४.३ टक्क्यांनी वाढला. मागच्या चाकांवरून वेग मोजणाऱ्या गाडीत काटा ८० दाखवतो तेव्हा खरा वेग ८३ च्या पुढे असतो. चाक मोठं म्हणजे गिअर लांब, त्यामुळे चढावरचा जोर तेवढाच कमी. आणि पुढची-मागची चाकं वेगळ्या गतीने फिरताना दिसल्यामुळे एबीएस गोंधळलं. तिसऱ्या ओळीतला टायर तेवढाच रुंद आहे, पण व्यास एक टक्क्याच्याही आत वाढतो. रुंदी वाढवली की उंचीची टक्केवारी उतरवायची, ही गोष्ट दुकानात क्वचितच कोणी बोलतं.

तपासा : व्यासातला फरक २ टक्क्यांच्या आत, ३ ही शेवटची हद्द. भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको : १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ९५ म्हणजे ६९०. टायरचा कमाल वेग सांगणारं अक्षरही मूळचं किंवा वरचं हवं.

## पायरी ७ : रिम, ऑफसेट आणि आतली जागा

अरुंद रिमवर रुंद टायर दाबून बसवला तर तो मध्ये फुगतो, कडा जमिनीला नीट टेकत नाहीत आणि वाढवलेली रुंदी वाया जाते. २३५/७० आर१५ ला किमान ६ इंच रुंद रिम लागते आणि ७ इंची योग्य. तुमच्या रिमची रुंदी आतल्या बाजूला ‘६ जे’ अशी कोरलेली असते.

रिम बदलायची तर नटांची संख्या, पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि मधल्या भोकाचं माप तंतोतंत जुळलं पाहिजे. मधलं भोक मोठं असेल तर ती फट भरणारी हब रिंग घ्या. नाहीतर चाक फक्त नटांवर तोललं जातं आणि ठरावीक वेगाला थरथरतं.

ऑफसेटमध्ये सर्वात जास्त लोक चुकतात. रिमची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे, ते हे अंतर. रिमवर ते ‘ईटी’ म्हणून मिलिमीटरमध्ये असतं. समजा जुनी रिम ६ जे, ईटी ४० आणि नवी ७ जे, ईटी ३५. अर्धी रुंदी आणि ईटी यांची बेरीज केली की रिमची आतली कड हबपासून किती आत जाते ते कळतं. जुनी ७६.२ + ४० = ११६.२, नवी ८८.९ + ३५ = १२३.९. आत साधारण ८ मिलिमीटर जागा कमी झाली. वजाबाकी केली की बाहेरची कड : जुनी ३६.२, नवी ५३.९. म्हणजे चाक बाहेर जवळपास १८ मिलिमीटर आलं. टायरचा फुगवटा त्यावर वेगळा.

आता गाडीत मोजा. टायर आणि पाटा, शॉक अॅब्सॉर्बर, ब्रेकची नळी, मडगार्डची कड, या प्रत्येकामध्ये किती जागा आहे ते लिहून घ्या. एकदा रिकाम्या गाडीत मोजा आणि एकदा मागे चार मोठी माणसं बसवून. रिकाम्या गाडीत बोटभर जागा दिसते, आणि लग्नाला सगळी मंडळी भरून निघालो की खड्ड्यात मडगार्ड टायर कापतं.

सावधान : जागा कमी पडली म्हणून हब आणि रिममध्ये स्वस्तातले स्पेसर घालू नका. नटांना आटे कमी मिळतात आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो.

## पायरी ८ : कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या किंवा कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेवरच बोट ठेवलं. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे माप देते, तेवढ्यावरच थांबणं शहाणपणाचं. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. बाहेर डोकावणारी चाकं अपघातानंतरच्या पाहणीत सर्वात आधी नजरेत भरतात.

## पायरी ९ : बसवणं आणि पहिले १०० किलोमीटर

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही करून घ्या. नट हाताने आटे धरून चालू करा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत न्या. गन लावून एका दमात आवळायला देऊ नका. अलॉयची बैठक खराब होते, आणि पंक्चर झालं की रस्त्यात नट निघत नाहीत. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा.

नव्या टायरवर सुरुवातीला गुळगुळीत थर असतो. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर वळणं आणि ब्रेक जपून घ्या. त्यानंतर पायरी ४ मधला ठसा पुन्हा घ्या. मधोमध गडद आणि कडेला फिका असेल तर हवा जास्त, कडेला गडद आणि मध्ये फिका असेल तर कमी. नव्या मापाचा दाब असा दोन-दोन पीएसआयने शोधा, मात्र टायरच्या भारक्षमतेच्या तक्त्याखाली उतरू नका.

## स्टेपनीचं काय?

मागे रुंद टायर टाकले तरी स्टेपनी जुन्याच मापाची राहते. मागचं चाक पंक्चर झालं आणि तीच मागे लावली, तर एकाच आसावर दोन व्यास येतात. सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल सतत फिरत राहून तापतो, लॉक होणारा असेल तर आणखी लवकर बिघडतो. पुढचं एकच चाक मागे आणूनही उपयोग नाही, तेही जुन्याच मापाचं असतं. म्हणून दोन्ही पुढची चाकं मागे आणि स्टेपनी व उरलेलं रुंद चाक पुढे, असं करून ताशी ५० च्या आत जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जा. रुंद चाक पुढे लावताना स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ते कुठे घासत नाही ना, हे घरी आधीच एकदा बघून ठेवा.